एक जागा, अनेक क्षण : उडत्या पक्ष्याच्या कंपोझिट फोटोचा इतिहास

(छत्रपती संभाजीनगर येथील सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला अगदी छोटा आहे. तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर असा एखादा फोटो पाहिलेला असेल : निळं आकाश, आणि त्यात डावीकडून उजवीकडे एकाच ओळीत सात-आठ बगळे. नीट बघितलं की कळतं, बगळा एकच आहे. पहिल्या ठिकाणी पंख वर, दुसऱ्या ठिकाणी आडवे, तिसऱ्या ठिकाणी खाली. म्हणजे एका पक्ष्याचं एका सेकंदातलं उडणं एका चौकटीत मांडलेलं आहे. याला फोटोग्राफीवाले कंपोझिट म्हणतात. आपल्या नाथसागरावर हिवाळ्यात कॅमेरा घेऊन जाणारी बरीच नवीन मुलं-मुली आता हा प्रयोग करताना दिसतात.

आणि असा फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला : "हे खरं आहे का? की कॉम्प्युटरवर केलंय?"

माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. कारण हा प्रश्न कॉम्प्युटरबरोबर आलेला नाही. तो जवळजवळ १७० वर्षं जुना आहे. आणि गंमत अशी की उडता पक्षी पहिल्यांदा कागदावर नीट उमटला, तोच मुळी अशा प्रकारच्या चित्रात. कंपोझिट ही नंतरची करामत नाही, उडत्या पक्ष्याच्या फोटोग्राफीचा तो जवळपास आरंभ आहे. हे कसं झालं ते आधी बघू. मग नवशिक्यानं काय करावं, काय करू नये, ते त्या इतिहासातूनच आपोआप निघेल.

आधी अडचण काय होती

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याची तैलचित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली होती, आणि १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. हे तुम्हाला माहीत असेल. पण गिल फोटोग्राफरही होता. १८६४ मध्ये त्याच्या फोटोंचं एक पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला निघालं. त्याच्या नावातच पश्चिम भारतातलं वास्तुशिल्प आणि निसर्गेतिहास हे दोन्ही विषय आहेत. लेण्यांच्या भिंती हलत नाहीत, त्यामुळे त्या छान उतरतात. पण प्राण्याचं काय? त्या काळात रानातलं जनावर फोटोत यायचं ते मुख्यतः शिकार झाल्यावर. मेलेलं जनावर हलत नाही ना.

कारण तांत्रिक होतं. त्या वेळी ओल्या कोलोडियनच्या काचा वापरत. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि लगेच तंबूत नेऊन धुवायचा. एक्सपोजर साधारण काही सेकंदांचं. पक्षी काही सेकंदांत चौकटीच्या पार बाहेर जातो. काचेवर काही उरतच नाही.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरानं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या आठ-दहा वर्षांत या काचा सुधारल्या, कारखान्यात तयार होऊन विकत मिळू लागल्या, आणि एक्सपोजर सेकंदाच्या छोट्या अंशावर आलं. इथे पक्ष्याचा दरवाजा उघडला.

न मारणारी बंदूक

आता आपण पॅरिसला जाऊ. एतिएन-ज्यूल मारे, जन्म १८३०, मृत्यू १९०४. हा फोटोग्राफर नव्हे, शरीरशास्त्रज्ञ. त्याला एकच वेड : हालचाल मोजायची. रक्ताचा ठोका, घोड्याची चाल, पक्ष्याचा पंख. फोटोच्या आधी तो पक्ष्याला हलकी पट्टी बांधायचा, तिच्यातून रबरी नळी काढायचा, आणि पंखाच्या प्रत्येक फटक्याबरोबर काजळी लावलेल्या कागदावर रेघ उमटायची. डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राला लिहायला लावायचं, ही त्याची पद्धत.

१८७८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले. ते पाहून मारे इतका खूश झाला की त्यानं पत्र लिहून विचारलं, पक्ष्यांचेही असे फोटो मिळतील का? १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आला तेव्हा पक्ष्यांचे काही फोटो घेऊन आला. पण मारेची निराशा झाली. का? पक्षी दिसत होते, पण प्रत्येक फोटो सुटा होता. एका क्षणानंतर किती वेळानं दुसरा क्षण, हे त्यातून कळत नव्हतं. मारेला सुंदर फोटो नको होता. त्याला क्रम हवा होता, आणि त्या क्रमातलं अंतर हवं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग मारेनं स्वतःच यंत्र केलं. त्याच्यापुढे एक नमुना होता. १८७४ मध्ये शुक्राचं सूर्यावरून अधिक्रमण झालं, तेव्हा ज्यूल जान्सेन या खगोलशास्त्रज्ञानं जपानमध्ये फिरत्या तबकडीचा कॅमेरा वापरला होता. ७२ सेकंदांत ४८ चित्रं. शुक्राला ती गती पुरते, पंखाला पुरत नाही. मारेनं १८८२ मध्ये नेपल्सला बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा. एका सेकंदात १२ चित्रं, प्रत्येकाचं एक्सपोजर सेकंदाचा ७२० वा भाग. गोळी नाहीच. हा माणूस पक्ष्यांवर बंदूक रोखतो आणि पक्षी पडत नाही, हे बघणाऱ्यांना किती विचित्र वाटलं असेल, विचार करा.

पण त्या बंदुकीतली चित्रं टिकलीएवढी होती. शिवाय बंदूक पक्ष्याबरोबर फिरायची, त्यामुळे पक्षी जागेवरच पंख हलवतोय असं दिसायचं, तो पुढे किती सरकला ते कळायचं नाही. म्हणून त्याच वर्षी मारेनं दुसरी युक्ती काढली. ही युक्ती म्हणजेच आजच्या विषयाचं मूळ. कॅमेरा एका जागी घट्ट बसवला. समोर खोल काळी पार्श्वभूमी. तिच्यापुढून पांढरा पक्षी उडत जाणार. कॅमेऱ्यात काच एकच, पण तिच्यापुढे खाचा असलेली तबकडी फिरते आहे. खाच समोर आली की प्रकाश आत, गेली की बंद. काळ्या भागातून प्रकाश येतच नाही, त्यामुळे काचेचा तो भाग कोराच राहतो. पांढरा पक्षी पुढे सरकतो आणि काचेच्या पुढच्या कोऱ्या जागेवर उमटतो. एक काच, एक जागा, अनेक क्षण. मारेनं याला क्रोनोफोटोग्राफी असं नाव दिलं.

आता सांगा, हे खरं की खोटं? डोळ्यांना असं कधीच दिसत नाही, एक बगळा एका वेळी सात ठिकाणी नसतो. पण त्या काळातलं याहून खरं चित्र सापडणार नाही. कारण यातून पहिल्यांदा मोजता आलं. पक्षी पंखानं वल्हवतो, म्हणजे पंख मागे ढकलतो, असा समज होता. मारेच्या काचांवर दिसलं की खाली येताना पंख खाली आणि पुढे जातो, आणि वर उचलताना दुमडतो. पुढे त्यानं वरून, बाजूनं आणि समोरून असे तीन अंगांनी फोटो घेतले आणि त्यावरून पक्ष्याच्या उडण्याच्या अवस्थांची शिल्पंसुद्धा केली. १८९० मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला.

याच सुमारास, १८८४ मध्ये, ओटोमार आन्शुट्झनं उडत्या करकोच्यांचे अतिशय स्पष्ट फोटो घेतले. ओटो लिलिएन्थालही करकोच्यांचाच अभ्यास करत होता. १८८९ मध्ये पक्ष्यांचं उड्डाण हा माणसाच्या उड्डाणाचा पाया मानणारं त्याचं पुस्तक आलं, आणि पुढे तो स्वतः ग्लायडरनं उडाला. राइट बंधूंच्या सुरुवातीच्या वाचनात मारेचं प्राण्यांच्या हालचालीवरचं पुस्तक होतं. म्हणजे आपण ज्याला छंद म्हणतो त्या चित्रप्रकारामागे केवढा मोठा प्रश्न उभा होता बघा.

आणि याची एक शाखा थेट आपल्याकडे येते. क्षण एका काचेवर गर्दी करतात म्हणून मारेनं १८८८ मध्ये सरकणारी कागदी पट्टी वापरली. तिथून सिनेमा फार लांब नव्हता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला. फोटोग्राफीच्या धंद्यात असलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, पुढे मुंबईतल्या कुस्तीचं चित्रण केलं. आणि १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी पैसे उभे करण्यासाठी काय चित्रित करून दाखवलं? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचं आणि सलग दाखवायचं. मारेनं फार वेगवान गोष्ट उलगडून दाखवली, फाळक्यांनी फार संथ गोष्ट आवळून दाखवली. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस. तिथून निघालेली गोदावरी आपल्याकडे पैठणला येऊन नाथसागरात थांबते, आणि तिथेच आज आपण पक्षी बघतो.

जोडण्याची दुसरी वाट

आता नाण्याची दुसरी बाजू. चित्रं जोडण्याची कला मारेच्याही आधीची आहे, आणि ती वेगळ्याच कारणानं आली.

गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर १८५६-५७ मध्ये समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाची काच निळ्या रंगाला फार संवेदनशील. समुद्र नीट आला की आकाश जळून पांढरं व्हायचं. म्हणून त्यानं आकाश वेगळ्या काचेवर घेतलं, समुद्र वेगळ्या, आणि छापताना दोन्ही जोडले. एकच आकाश त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर सापडतं! १८५७ मध्ये ऑस्कर रेयलँडरनं तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य प्रसंगचित्र केलं. पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सननं पाच निगेटिव्हांतून मरणाच्या दारातल्या मुलीचं चित्र केलं. त्यावर टीका झाली. चित्रकारानं हेच रंगवलं असतं तर कुणी आक्षेप घेतला नसता. पण हा फोटो आहे, आणि फोटो म्हणजे घडलेलं, असं लोक धरून चालतात. वाद तिथून सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

१८७८ मध्ये फ्रान्सिस गाल्टननं आणखी एक प्रकार काढला. अनेक गुन्हेगारांचे चेहरे एकाच काचेवर एकावर एक घ्यायचे आणि त्यातून 'गुन्हेगाराचा चेहरा' काढायचा. हेही कंपोझिटच. पण त्यातून निघालेला माणूस जगात कुठेच नव्हता. अनेक खऱ्या माणसांतून एक खोटा माणूस तयार झाला, आणि वर त्याला विज्ञान म्हटलं गेलं. मारे एका जिवाचे अनेक क्षण दाखवतो, गाल्टन अनेक जिवांचा एक पुतळा करतो. दोघांचं तंत्र जवळजवळ सारखं, पण अर्थ अगदी उलटा.

आपल्या घरांतही जोडचित्रं होती. स्टुडिओवाले आजोबांचा वेगळा आणि आजीचा वेगळा फोटो घेऊन दोघांना शेजारी बसवायचे, वरून रंग भरायचे. घरातल्या कुणाला ते खोटं वाटत नसे, कारण ते कसं झालं हे सगळ्यांना माहीत असे. हे फार महत्त्वाचं आहे. फसवणूक जोडण्यात नसते, लपवण्यात असते. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. उभ्या चौकटीत बसावेत म्हणून कॉम्प्युटरनं ते जवळ सरकवले होते. हे बाहेर आल्यावर केवढा गदारोळ झाला! पिरॅमिड थोडे सरकले, पण वाचकाचा विश्वास त्याहून जास्त हलला.

अजिंठ्याची रीत

आता मी तुम्हाला परत अजिंठ्यात नेतो. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे. सिंहल एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या लेण्यात महाजनक जातक आहे, तिथेही राजा अनेकदा भेटतो. नवख्या माणसाला वाटतं, इतके राजे कुठून आले? राजा एकच आहे, क्षण अनेक आहेत. आणि अभ्यासकांनी दाखवलेली एक गोष्ट फार मोलाची आहे : अजिंठ्याचे चित्रकार प्रसंगांची मांडणी नेहमी काळाच्या क्रमानं करत नाहीत. बऱ्याचदा ते जागेप्रमाणे करतात. राजवाड्यात जे जे घडलं ते राजवाड्याच्या भागात, अरण्यात जे घडलं ते अरण्याच्या भागात. म्हणजे जागा एक, क्षण अनेक. पाचव्या शतकातली ही रीत.

दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यात हंस जातकही आहे. राणीला सोनेरी हंस स्वप्नात दिसतो, राजा तळं बांधतो, हंस येतात, पारधी फासे लावतो आणि हंसांचा राजा अडकतो. सगळा थवा उडून जातो, एक सोबती मात्र मागे थांबतो. ते बघून पारध्याचंच मन बदलतं. माणसानं बांधलेलं तळं, त्यावर लांबून आलेले पक्षी, आणि काठावर टपून बसलेला माणूस. आपल्या जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं, १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. बघा, चित्र किती ओळखीचं आहे.

मग अजिंठ्याच्या चित्रकाराला कुणी खोटा म्हणत नाही आणि फोटोवाल्याला म्हणतात, असं का? कारण भिंतीपुढे उभा असलेल्या माणसाला ती रीत ठाऊक होती. फोटो बघणाऱ्याला ती ठाऊक असेलच असं नाही. म्हणून फोटोवाल्यावर एक जास्तीची जबाबदारी येते : सांगण्याची.

नवशिक्यासाठी चार नियम

या सगळ्यातून मी चार नियम काढतो. ते कुठल्या स्पर्धेच्या नियमावलीतले नाहीत, इतिहासातले आहेत.

पहिला : पक्षी एकच हवा. थव्यातला एक इथून, दुसरा तिथून असं नको. नाहीतर आपण मारेकडून गाल्टनकडे गेलो.

दुसरा : जागा एकच हवी. सकाळचा पक्षी आणि संध्याकाळचं लाल आकाश असं नको. ल ग्रेकडे काचेची मजबुरी होती, तुमच्याकडे नाही.

तिसरा : अंतर समान हवं. हा नियम बहुतेक जण मोडतात. वीस फ्रेम असतात, त्यातल्या पंख सुंदर दिसणाऱ्या पाच उचलतात आणि कुठेही ठेवतात. चित्र देखणं होतं, पण त्यातला वेळ मेला. प्रत्येक फ्रेम घ्या, किंवा एकाआड एक घ्या, किंवा दर तिसरी घ्या. मग त्या चित्रावरून पक्ष्याचा वेग काढता येतो, पंखाचे फटके मोजता येतात. मायब्रिजच्या पक्ष्यांवर मारे नाराज झाला तो याचसाठी.

चौथा : सांगा. फोटोखाली एक ओळ पुरते : एकच पक्षी, इतक्या फ्रेम, इतक्या सेकंदांत.

आता प्रत्यक्ष काम. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, पक्ष्याबरोबर फिरवायचा नाही. पक्षी नेहमी कुठून जातात ते आधी अर्धा तास नुसतं बघा. संध्याकाळी रातथाऱ्याकडे जाणारे पाणकावळे आणि बगळे ठरलेल्या वाटेनं जातात. एक्सपोजर मॅन्युअल, नाहीतर पक्षी सरकला की आकाशाचा रंग बदलतो आणि जोडताना पट्टे दिसतात. फोकसही आधीच ठरवून ठेवा. शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून जलद. आणि मग बर्स्ट.

थोडं गणित करू, सोपं आहे. रोहित पक्षी, ज्याला आपण फ्लेमिंगो म्हणतो, तो साधारण ताशी ५४ किलोमीटर वेगानं जातोय असं धरा. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम घेतो, तर दोन फ्रेममध्ये पक्षी दीड मीटर पुढे गेला. मान आणि पाय ताणून उडणारा रोहित असतो जवळजवळ तेवढाच लांब. म्हणजे प्रत्येक फ्रेम जोडली तर चोच आधीच्या पायांना टेकणार. एकाआड एक घेतली तर अंतर तीन मीटर, छान सुटसुटीत.

पण चौकटीत मावणार किती? फुल फ्रेम कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवर चौकटीची रुंदी फक्त ९ मीटर. तीन रोहित. तोच पक्षी २०० मीटरवर असेल तर रुंदी १८ मीटर, म्हणजे सहा. आणि ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत तेव्हाही प्रत्येक पक्षी सुमारे ५०० पिक्सेलचा येतो, भरपूर झाला. माझ्या मते आजच्या व्याख्यानातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही आहे. एकट्या पक्ष्याच्या फोटोसाठी जवळ जावंसं वाटतं. कंपोझिटसाठी लांब राहावं लागतं. लांब राहण्याचा फायदा तुम्हालाही आणि पक्ष्यालाही.

जोडताना सगळ्या फ्रेम एकावर एक लेयर म्हणून ठेवायच्या. आकाश उजळ आणि पक्षी काळा असेल, उदाहरणार्थ पाणकावळा किंवा घार, तर 'डार्कन' हा पर्याय निवडा. प्रत्येक ठिकाणी जो ठिपका सगळ्यात गडद तो राहतो, म्हणजे सगळे पक्षी राहतात. पांढरा बगळा सावलीतल्या काठापुढून जात असेल तर उलटा, 'लाइटन'. ही हुबेहूब मारेची काळी पार्श्वभूमी. रोहिताचं मात्र अंग फिकट आणि उड्डाणपिसं काळी, त्यामुळे दोन्ही पर्याय अर्धेच चालतात. तिथे मास्क लावून हातानं काम करावं लागतं. म्हणून पहिला प्रयोग पाणकावळ्यावर करा, रोहितावर नको. आणि खंड्या हवेत एका जागी फडफडत असेल तर कंपोझिटच्या नादी लागू नका. तो सरकतच नाही, सगळे क्षण एकमेकांवर चढतात. मारेलाही संथ हालचालीत हीच अडचण आली, म्हणून तर तो सरकत्या पट्टीकडे गेला.

थवा उठवणं

शेवटचा मुद्दा, आणि तो तंत्राचा नाही.

आपला हा भाग हैदराबाद संस्थानात होता. १९०२ मध्ये याच संस्थानात शिकारीला आलेल्या लॉर्ड कर्झनचा वाघाबरोबरचा फोटो राजा दीनदयाळांच्या स्टुडिओचा आहे. वाघ अर्थातच मेलेला. १९३१-३२ मध्ये सालीम अलींनी या संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हा नमुने गोळा करायला बंदूक लागतच होती. ती त्या शास्त्राची रीत होती. त्यांचं नाव असलेला सरोवर आपल्या शहरात दिल्ली गेटजवळ आहे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदूक गेली, हातात कॅमेरा आला. मारेच्या न मारणाऱ्या बंदुकीचं स्वप्न एका अर्थी आपण सगळे जगतो आहोत.

पण न मारणारी बंदूकही त्रास देऊ शकते. उडण्याचा फोटो हवा असेल तर पक्षी उडायला हवा. तो उडत नाही म्हणून होडी थव्याच्या दिशेनं घालायची, टाळ्या वाजवायच्या, असं लोक करतात. पट्टकदंब हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो आणि इथे खाऊन-पिऊन पुन्हा तेवढंच उडून जायचं असतं. प्रत्येक विनाकारण उड्डाणात त्याची साठवलेली चरबी खर्च होते. मायब्रिज कबुतरं सोडत असे, मारेनं पक्ष्यांना पट्ट्या बांधल्या. त्यांच्यापुढे निदान एक अनुत्तरित प्रश्न होता. आपल्यापुढे तोही नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीनंही बघा : घाबरून उठलेल्या पक्ष्याचं उड्डाण हे त्याचं रोजचं उड्डाण नव्हे. चारही नियम पाळले तरी ते चित्र पक्ष्याविषयी कमी आणि तुमच्याविषयी जास्त सांगेल. आपल्या आपण निघालेल्या पक्ष्याची वाट पाहावी लागते. पाणकावळा संध्याकाळी निघतोच.

तेव्हा "हे खरं आहे का?" असं कुणी विचारलं, तर चिडू नका. त्याला सांगा, किती फ्रेम आहेत आणि किती वेळात घेतल्या. हे सांगता येत असेल तर फोटो खरा आहे.



प्रश्नोत्तरांतून

*मोबाइलवर हे करता येईल का?*

येईल. मोबाइल कशाला तरी टेकवून घट्ट ठेवा, सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्या आणि त्यातून समान अंतरानं, समजा दर सहावी किंवा दर दहावी फ्रेम काढा. भर उन्हात शटर आपोआप जलद होतं, म्हणून सकाळी उशिरा करा, नाहीतर पंख धूसर येतील. मोबाइलची चौकट रुंद असते, त्यामुळे जवळून जाणाऱ्या मोठ्या पक्ष्यावर, घारीवर वगैरे, प्रयोग करा.

*असा फोटो स्पर्धेला किंवा पक्षिनोंदीच्या संकेतस्थळावर टाकावा का?*

स्पर्धेचे नियम वेगवेगळे असतात. कुठे कंपोझिट चालत नाही, कुठे वेगळा विभाग असतो. नियम वाचा आणि मूळ फाइली जपून ठेवा. पक्षिनोंदीला मात्र एकच मूळ फ्रेम द्या. तुमच्या कंपोझिटवरून कुणी सहा रोहित मोजले आणि तिथे होता एकच, असं झालं तर गणनेत चूक शिरली. सुंदर फोटो आणि नोंद यांची कामं वेगळी आहेत.

*आता एआयनं असं चित्र दोन मिनिटांत होतं. मग एवढे कष्ट कशाला?*

चित्र होतं, बरोबर आहे. पण त्या चित्रातल्या पंखाचे फटके मोजून काय मिळेल? आकडा मिळेल, पण तो कुठल्याच पक्ष्याचा नसेल. गाल्टनच्या चेहऱ्यासारखंच ते : हजारो खऱ्या पक्ष्यांतून काढलेला, जगात कुठेही नसलेला एक पक्षी. तुमच्या वीस फ्रेममध्ये एक विशिष्ट पक्षी, एका विशिष्ट संध्याकाळी, नाथसागराच्या एका काठावरून खरोखर गेलेला असतो. तो गेला होता, याचा पुरावा तुमच्याकडे असतो. तेवढ्यासाठी अर्धा तास काठावर बसायला हरकत नाही.